आजोबा कोणाच्या पगारावर होते?

श्रोते हो, आपल्याच जालना जिल्ह्यातल्या असई गावी 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रजांची आणि शिंदे-भोसल्यांची मोठी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली हा जन्माने आयरिश. त्याचे नाव शाळेच्या पुस्तकात आले. पण साध्या शिपायाचे नाव कोण शोधणार? त्याचा नातू-पणतूच.

आयर्लंडात अशी शोधाशोध घरोघर चालते. कोणाचा आजा रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या इंग्रजांच्या पोलीसदलात होता. हे दल 1922 साली मोडले, तेव्हा त्यातले कितीतरी जण त्याच वर्षी पॅलेस्टाईनच्या पोलिसात गेले. आता गंमत पाहा. माणूस आयर्लंडचा, नोकरी आयर्लंडातली; पण त्या दलाची नोंदवही आहे लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय दप्तरखान्यात! का? तर पगार देणारे सरकार तिथले. कागद माणसाच्या गावी राहत नाही, धन्याच्या घरी राहतो.

हीच किल्ली आपल्याकडेही लागते. टेंभुर्णी गाव जागचे हलले नाही, सरकारे मात्र बदलत गेली. सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचे राज्य, 1956 साली मुंबई राज्य, 1960 साली महाराष्ट्र. जालना जिल्हा तर 1981 सालचा. त्याआधी आपण औरंगाबाद जिल्ह्यात होतो. म्हणून जुना कागद जालन्याला मिळाला नाही, की लगेच निराश होऊ नका.

घरात म्हातारी माणसे सांगतात, "आजोबा जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेले होते." मग पहिला प्रश्न विचारा, पगार कोणाचा होता? निजामाच्या पोलिसात किंवा फौजेत असतील, तर दप्तर हैदराबादला, तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात शोधावे लागेल. ते बहुतेक उर्दूत, आणि साल फसली. फसली सालात 590 मिळवा, म्हणजे इसवी साल येते. 1325 फसली म्हणजे 1915-16. इंग्रजांच्या पलटणीत असतील, तर वाट निराळी. मराठा पलटण असेल, तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र घाला.

दुसरा प्रश्न, नंबर काय? पेटीच्या तळाशी एखादे चांदीचे मेडल असेल, तर ते मोडीत घालू नका. त्याची कड उन्हात धरून पाहा. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तेवढ्याने निम्मे काम होते.

तिसरा प्रश्न, गाव कोणते? टेंभुर्णी सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातही आहे. त्यामुळे नुसत्या गावाच्या नावावर भिस्त ठेवू नका. बापाचे नाव आणि तालुका जुळल्याशिवाय "हेच आमचे आजोबा" म्हणू नये. इंग्रज कारकुनाने नाव कानाला लागले तसे लिहिलेले असते, हेही ध्यानात घ्या.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी म्हणेल. 29 एप्रिल 1916 रोजी कुट येथे इंग्रजांची फौज तुर्कांना शरण गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. उपासमारीने आणि कैदेत किती माणसे गेली! बसऱ्याच्या स्मारकावर त्या मोहिमेतल्या 40 हजारांवर मृतांची आठवण आहे. पण भारतीय शिपायांची नावे दगडावर नाहीत, पलटणीगणिक नुसते आकडे आहेत. अधिकाऱ्याला नाव, शिपायाला आकडा! युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने 2021 साली हा भेदभाव कबूल केला. त्यांच्या यादीत आता इंटरनेटवर नाव शोधता येते. काही नोंदींत बापाचे नाव आणि गावही सापडते.

गुरुजी, एक काम आपल्या हातचे आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना घरोघर पाठवा. म्हातारी माणसे सांगतील ते एका वहीत उतरवा. ऐकलेले एका बाजूला, कागदावर पाहिलेले दुसऱ्या बाजूला. कोणाचा आजा लढाईत निघेल, कोणाचा निजामाच्या अमिनाच्या हाताखाली लाठी चालवणारा निघेल. जे निघेल ते लिहा; झाकू नका, फुगवू नका. दगडावर आकडा राहिला, तरी गावच्या वहीत नाव असावे. सांगणारी माणसे आज आहेत, तोवरच हे काम होणार आहे.