विश्लेषण : कळसूबाई ते हरिश्चंद्रगड… सात दिवसांची पायी सुट्टी कशी आखावी?

आठवड्याची सुट्टी आणि डोंगर म्हटले की महाबळेश्वर, नाही तर थेट मनाली डोळ्यांसमोर येते. घोडेगाव (ता. नेवासे) ज्या जिल्ह्यात आहे, त्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र राज्यातील सर्वांत उंच शिखर आहे. तिथून सात दिवस चालत, रोज वेगळ्या गावात मुक्काम करत हरिश्चंद्रगडापर्यंत जाता येते. ही वाट नवी नाही, गिर्यारोहक ती तुकड्यातुकड्यांत अनेक वर्षे चालत आले आहेत. कुटुंबाने किंवा मित्रमंडळींनी ती सलग चालायची झाली तर काय पाहावे लागते?

राष्ट्रीय उद्यान नव्हे, अभयारण्य का?

‘राष्ट्रीय उद्यानात आठवडाभर पायी’ ही कल्पना मुख्यतः परदेशी आहे. इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टसारख्या राष्ट्रीय उद्यानात गावे, शेती, मेंढ्यांचे कळप सारे काही असते. आपल्याकडे अर्थ वेगळा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यान घोषित करताना आतील जमिनीवरील हक्क संपुष्टात आणावे लागतात आणि गुरे चारायलाही बंदी असते. सह्याद्रीतील चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. तिथे पाठीवर पिशवी टाकून गावोगाव मुक्काम करत हिंडण्याचा प्रश्नच येत नाही. हिमालयातही नियम सारखे नाहीत. हिमाचलमधील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात परवाना घेऊन अनेक दिवसांची पदभ्रमंती करता येते, तर उत्तराखंडच्या फुलों की घाटीत रात्री थांबता येत नाही, संध्याकाळी घांघरियाला परतावे लागते.

अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, ते १९८६ मध्ये घोषित झाले. अभयारण्यात जिल्हाधिकारी रहिवाशांचे काही हक्क कायम ठेवू शकतात. म्हणूनच इथे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे, भातखाचरे, देवळे, शाळा आणि एसटी आहे. सात दिवसांचे चालणे शक्य होते ते या गावांमुळेच. त्यामुळे वाट आखताना आधी मुक्कामाची गावे ठरवावीत, शिखरे नंतर.

घोडेगावचा या डोंगरांशी संबंध काय?

पाण्याचा. नेवासे तालुक्यातील ऊस आणि कांदा ज्या पाण्यावर उभा राहतो, ते मुळा आणि प्रवरा या नद्यांचे. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते, भंडारदरा धरणात अडते आणि अकोले, संगमनेर करत नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. मुळा हरिश्चंद्रगडाकडच्या डोंगरांतून निघते. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला तिच्यावर २६ टीएमसीचे धरण आहे. जायकवाडीला पाणी सोडण्याच्या वादात ज्या धरणांची नावे दर टंचाईच्या वर्षी वर्तमानपत्रांत येतात, त्यांची पाणलोट क्षेत्रे म्हणजे हेच डोंगर.

एकाच जिल्ह्यातला फरक थक्क करणारा आहे. नेवाशात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ‘नगरची चेरापुंजी’ म्हणवणाऱ्या घाटघरचे आकडे पाच हजारांच्या घरात जातात.

सात दिवसांची वाट कशी?

पहिला दिवस बारी गावातून कळसूबाई. उंची १,६४६ मीटर, वाटेत लोखंडी शिड्या, वर देवीचे छोटे देऊळ. चढायला तीन-चार तास धरावेत आणि मुक्काम खालीच करावा. रात्री चढून सूर्योदय पाहण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यात गर्दी, अंधार आणि शिड्या यांची गाठ पडते. सात दिवस हाताशी असताना ती घाई करण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी शेंडीला यावे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. ते पाहून जलाशयाच्या उत्तर काठाने मुरशेत, पांजरेकडे निघायचे. हा रस्ता डांबरी आहे आणि पायांना कंटाळवाणा, पण जलाशयापलीकडे रतनगडाची रांग सतत सोबत असते. तिसरा दिवस उडदावणेमार्गे घाटघर. इथे जमीन संपते आणि खाली कोकण दिसते.

चौथ्या दिवशी साम्रद. जवळची सांदण दरी म्हणजे दोन कातळभिंतींमधली अरुंद घळ. तिच्या तोंडाकडचा भाग पाहून परत फिरावे, पुढचे दोराचे काम सरावलेल्यांसाठी आहे. संध्याकाळपर्यंत रतनवाडी गाठता येते. तिथले अमृतेश्वराचे कोरीव देऊळ निवांत पाहण्यासारखे आहे. पाचवा दिवस रतनगड. शिड्या, दरवाजे आणि माथ्यावरचे आरपार भोक, म्हणजे ‘नेढे’.

सहावा दिवस या वाटेचा गाभा आहे. रतनवाडीहून दाट रानातून कात्राबाईच्या खिंडीत चढायचे आणि पलीकडे कुमशेतला उतरायचे. नकाशावर ही एक साधी खिंड. पण तिच्या अलीकडे पडलेला पाऊस प्रवरेत जातो आणि पलीकडचा मुळेत. म्हणजे भंडारदऱ्याचे पाणी कोणते आणि मुळा धरणाचे कोणते, हे इथे एका कड्यावर ठरते. पाटाच्या पाळीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याने एकदा तरी इथे येऊन उभे राहावे, असे हे ठिकाण आहे. रानात वाटा फुटतात, मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. रतनवाडीचा माहीतगार माणूस सोबत घेतल्याशिवाय या टप्प्यावर जाऊ नये.

सातव्या दिवशी कुमशेतहून पाचनई आणि तिथून हरिश्चंद्रगड. चालणाऱ्यांचा वेग कमी असेल तर पाचनईला एक जादा मुक्काम धरावा. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, चारपैकी एकाच खांबावर उभी असलेली केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा. कड्याची धार आतून पोखरलेली आहे. टोकाजवळ उभे न राहता, पोटावर झोपूनच खाली पाहावे. अलंग-मदन-कुलंग हे त्रिकूट या आखणीत मुद्दाम घेतलेले नाही. तिथे प्रस्तरारोहणाचे साहित्य आणि अनुभव लागतो.

बिबट्याची भीती किती?

बिबट्या या रानात आहे, शेकरूही आहे. पण बिबट्याशी नगरकरांची ओळख उसाच्या फडातलीच अधिक. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक बिबट्या रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडण्यात आला. ‘आजोबा’ हे त्याचे नाव. तो महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालत, कसारा रेल्वे स्थानक परिसर ओलांडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाजवळ पोहोचला आणि वाटेत त्याने कोणाला इजा केली नाही. या वाटेवर खरा धोका बिबट्याचा नाही. निसरडा कातळ, ऊन आणि संपलेले पाणी यांचा आहे.

कधी जावे?

नोव्हेंबर ते जानेवारी. भात कापून झालेला असतो, ओढ्यांना पाणी असते, आकाश स्वच्छ असते. रात्री थंडी कडक पडते, स्वेटर-कानटोपी हवीच. नवरात्रात कळसूबाईवर भाविकांची रीघ असते. पावसाळ्यात धबधबे देखणे दिसतात, पण सलग सात दिवसांची वाट तेव्हा चालू नये. ओढे तासाभरात चढतात आणि सांदण दरी तर जीवघेणी ठरते. मार्चनंतर पाण्याचे हाल. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काजवे चमकतात. त्यांचा प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण असते. गाड्यांचे दिवे आणि बॅटऱ्यांनी नेमकी ती खूणच पुसली जाते.

गावांना यातून काय मिळते?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर पर्यटक किती दिवस राहतो यावर ठरते. शनिवारी रात्री येऊन रविवारी दुपारी परतणारा माणूस बहुतेक सामान शहरातून आणतो आणि कचरा इथे टाकतो. सात दिवस चालणारा माणूस सात गावांत जेवतो, झोपतो, वाटाड्या घेतो. पावसाळी भाताच्या एका पिकावर आणि हिरड्यासारख्या वनोपजावर चालणाऱ्या घराला हिवाळ्यातले हे पैसे मोलाचे असतात. पुष्कळांना खरिपानंतर मजुरीसाठी बागायती पट्ट्यात उतरावे लागते.

पण दुसरी बाजूही आहे. ‘धरण उशाशी, कोरड घशाशी’ ही म्हण इथे शब्दशः खरी होते. उन्हाळ्याकडे वळताना डोंगरावरच्या वाड्यांत पाणी हंड्याने आणले जाते. दहा जणांचा गट रोज गरम पाण्याची अंघोळ मागू लागला, तर ते पाणी कोणाच्या तरी डोक्यावरून आलेले असते, सरपणही रानातूनच. एक दिवसाआड अंघोळ केली तर काही बिघडत नाही. जेवणातही हट्ट नको. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, वरण-भात हे चालण्याला पुरेसे आहे. चार दिवस आधी फोन करून माणसे किती, हे सांगावे. ऐन वेळी पाच जण गळाले तरी ठरलेले पैसे द्यावेत.

परवानगी आणि प्रवास?

अभयारण्यात पर्यटनासाठी प्रवेश परवानगीनेच मिळतो. नाक्यांवर प्रवेशशुल्क घेऊन पावती दिली जाते, ती जपून ठेवावी. तंबू आणि गडावरील मुक्कामाचे नियम हंगामानुसार बदलतात. त्यामुळे निघण्यापूर्वी वन विभागाच्या राजूर आणि भंडारदरा येथील कार्यालयांत विचारणे बरे. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे कायद्याच्या कलम ३० नुसार गुन्हा आहे, शेकोटीचा आग्रह तिथेच सोडावा.

घोडेगावहून राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. एसटीने जाताना गाड्या बदलाव्या लागतात, म्हणून पहिला अर्धा दिवस प्रवासातच धरावा. स्वतःची गाडी नेण्यात अडचण अशी की वाट बारीला सुरू होते आणि पाचनईला संपते. त्यापेक्षा एसटीच सोयीची. पाचनईहून राजूरकडे येणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत, त्यांच्या वेळा आदल्या रात्री गावात विचारून ठेवाव्यात.