टर्बो गेला नव्हता

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी, भिलाईच्या मरोदा सेक्टरला गेलो होतो. काकांचा एक डिझेल पिकअप आहे. भिलाईहून लोखंडी गज आणि पत्रे भरायचे आणि धमतरी, कांकेर करत कोंडागावला पोचवायचे, हा त्यांचा धंदा. मे महिन्यात एका फेरीहून काका परतले ते तोंड पाडूनच. केशकाल घाटात गाडी ओढेना. दुसऱ्या गिअरमध्येही ती धापा टाकत होती आणि मागे काळ्या धुराचा लोट निघत होता. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, ‘टर्बो गेला. नवीन टाका. चाळीस हजार धरून चाला.’

काकांच्या गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. चाळीस हजार आणायचे कुठून, यावर रात्री जेवताना बोलणे चालले होते. तेव्हा आबाजी म्हणाले, ‘गेला म्हणते, पण त्यानं पाह्यलं काय? आधी हवा कुठं जाते ते पाहा, मग मशीनला दोष द्या.’

आबाजी कारखान्याच्या पॉवर अँड ब्लोइंग स्टेशनमधून निवृत्त झाले आहेत. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीला सतत प्रचंड वारा लागतो, आणि तो देणारे ब्लोअर हे आबाजींचे आयुष्यभराचे काम. टर्बो मला पुस्तकातून कधी नीट समजला नव्हता, तो त्यांच्या एका वाक्यात समजला. भट्टीतून निघणारा वायू बॉयलरमध्ये जाळतात, त्या वाफेवर टर्बाइन फिरते, टर्बाइन ब्लोअर फिरवते आणि ब्लोअर पुन्हा त्याच भट्टीला वारा देतो. म्हणजे भट्टी आपल्याच धुरावर आपला वारा ओढून घेते. टर्बोचेही तेच. इंजिनाचा तापलेला धूर सायलेन्सरकडे जाताना एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त. हे चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. फरक एकच, आणि तो ऐकून आबाजींना गंमत वाटली: भट्टीला वारा तापवून देतात, इंजिनाला मात्र तो इंटरकूलरमधून थंड करून द्यावा लागतो, कारण थंड हवा दाट असते.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे एक इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेऊन टर्बोसह चालवले, तेव्हा विरळ हवेत गमावलेली ताकद इंजिनाला परत मिळाली. आपल्यापैकी काही जण पुढे लडाखमध्ये गाड्यांचा ताफा घेऊन खारदुंग ला चढतील. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. टर्बोने साथ सोडली तर तिथे काय होईल, याचा अंदाज केशकालवरून करता येतो.

आता वेस्टगेट. धूर जितका जोराचा तितके चक्र जोरात, मग हवा जास्त, मग धूर आणखी जास्त. हे असेच वाढू दिले तर इंजिन फुटेल. म्हणून धुराच्या वाटेवर एक छोटे झाकण असते. दाब पुरेसा झाला की ते उघडते आणि थोडा धूर चक्राला वळसा घालून निघून जातो. झाकण दांडीने हलते आणि दांडी ॲक्च्युएटर नावाच्या डबीतल्या रबरी पडद्याला जोडलेली असते. झाकण उघडेच राहिले तर गाडीत दम राहत नाही. बंदच राहिले तर दाब हद्दीपलीकडे जातो. मग इंजिनाचा कॉम्प्युटर डिझेल तोडतो आणि गाडी अचानक मेल्यासारखी होते. लक्षण दोन्हींत ‘ओढत नाही’ हेच, पण कारणे उलटी.

आम्ही पहिल्यांदा धूर पाहिला. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा कमी आहे. टर्बोचे सील जाऊन तेल जळत असते तर धूर निळसर आला असता. गरम इंजिनातून पांढरा धूर येत राहिला असता तर पाणी किंवा इंजेक्टरकडे पाहावे लागले असते. एअर फिल्टर काढून झटकला. धूळ होती, पण गाडी अडेल इतकी नाही. मग इंजिन थंड झाल्यावर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून मी चक्राचा दांडा बोटांनी हलवला. बाजूला किंचित हलला. मला वाटले, संपले! पण दांडा तेलाच्या थरावर तरंगतो, त्यामुळे एवढी हालचाल असायचीच. पुढे-मागे तो हलता कामा नये आणि पाती घराला घासलेली नसावीत. दोन्ही ठीक होते. पाइपात तेलाचा पातळ थर होता. तोही इंजिनाच्या वाफेबरोबर येतोच, त्याने घाबरू नये. थोडक्यात, गॅरेजवाल्याने ज्याला मेलेले ठरवले होते ते जिवंत होते.

मग गळती. प्लास्टिकच्या पाइपाचे एक टोपण घेतले, त्याला ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवला आणि ते टोपण टर्बोच्या तोंडावर क्लॅम्पने आवळले. पंक्चरवाल्याच्या पंपाने अर्धा बार हवा भरली. त्याहून जास्त भरू नये, सील बिघडतात. जोडांवर साबणाचे पाणी लावले. थोडी हवा इंजिनातून तेलाच्या झाकणाकडे जातेच, ती गळती नव्हे. पण इंटरकूलरच्या खालच्या होज पाइपावर बुडबुडे आले. तिथे बाहेरून तेलकट काळा डागही होता. तो आधीच दिसायला हवा होता. क्लॅम्प सैल होता. आवळला आणि मी मोठ्या ऐटीत काकांना सांगितले, ‘झालं काम.’

झाले नव्हते. मरोद्यात फेरी मारली तेव्हा गाडी छान पळाली. पण इथले रस्ते सपाट, गाडी रिकामी. टर्बोला कामच नाही. टर्बोचा दोष वजन आणि चढ असल्याशिवाय बोलत नाही. पुढच्या फेरीला मीही गेलो. ओळखीच्या एका डिझेल पंपवाल्या मिस्त्रींकडून दाबाचा काटा मागून आणला होता. त्याची बारीक नळी इंजिनाच्या हवेच्या पाइपाला जोडून काटा केबिनमध्ये ठेवला. केशकालच्या चढावर, पूर्ण भारावर काटा ०.३ बारच्या वर गेला नाही. या गाडीला तिथे एक बारच्या आसपास दाब हवा होता. धूर पुन्हा काळा. एक दोष सापडला म्हणजे तोच दोष, असे मी धरले होते.

घाट चढून गेल्यावर ढाब्यावर एका ड्रायव्हरने उपाय सांगितला: वेस्टगेटची दांडी तारेने बंद बांधून टाका, घोडी धावेल. काका तार शोधायला उठलेही होते. अशा तारेने दोन-चार फेऱ्या गाडी खरेच जोरात पळते. पण मग दाबावर कसलाच लगाम राहत नाही. हेड गॅसकेट जाते किंवा खरोखरच टर्बो जातो. मी काकांना कसेबसे थांबवले.

घरी आल्यावर दांडीकडे नीट पाहिले. इथे एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. ॲक्च्युएटर दोन प्रकारचे असतात. एकात टर्बोचाच दाब पडद्याला ढकलून झाकण उघडतो. त्याची नळी फाटली तर झाकण उघडत नाही आणि दाब वाढत जातो. दुसऱ्यात व्हॅक्यूम पडद्याला ओढून झाकण बंद धरतो. त्याची नळी फाटली तर झाकण उघडे राहते आणि दाब तयारच होत नाही. फाटलेली नळी तीच, परिणाम नेमका उलटा. आमची गाडी दुसऱ्या प्रकारची. काकांनी इंजिन चालू केले की दांडी आत ओढली जायला हवी. ती अर्धी जाऊन थांबत होती.

मिस्त्रींचा हाताचा व्हॅक्यूम पंप थेट डबीला लावला. दांडी पूर्ण आत गेली आणि काटा जागचा हलला नाही. म्हणजे पडदा शाबूत, झाकणही मोकळे. दोष डबीच्या आधी. मग मी नळीवर बोटे फिरवत मागे मागे गेलो. एक्झॉस्टच्या जवळ उष्णतेने रबर कडक झाले होते आणि खालच्या बाजूने, जिथे डोळा पोचत नाही तिथे, चीर होती. नळी वाकवली की चीर तोंड उघडायची. आबाजी तेवढ्यात म्हणाले, ‘अन् ब्रेकचं काय?’ त्याच व्हॅक्यूम पंपावर ब्रेकचा बूस्टर चालतो. बूस्टरच्या वाटेवर एकतर्फी वॉल्व्ह असतो, तरी घाट उतरणाऱ्या भरल्या गाडीत व्हॅक्यूमची गळती ठेवणे शहाणपणाचे नाही. आम्ही ती सगळीच नळी बदलली आणि एक्झॉस्टपासून दूर बांधली. सव्वा मीटर नळी, दोन क्लॅम्प. दीडशे रुपयांच्या आत.

पुढच्या फेरीत, तेवढ्याच वजनाने, त्याच चढावर काटा ०.९ आणि १ बार यांच्यामध्ये राहिला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. वर पोचल्यावर काकांनी लगेच चावी फिरवली तेव्हा मी ओरडलो. चढानंतर टर्बो लालभडक तापलेला असतो. इंजिन बंद होताच तेल थांबते आणि आत जळून कोळसा होतो. एक-दोन मिनिटे इंजिन रिकामे चालू द्यावे लागते. आता ते ढाब्यावर उतरून पाण्याची बाटली भरून येतात आणि मग चावी काढतात. दांडीच्या पिनवर मात्र थोडी काजळी आहे आणि ती किंचित जड फिरते. तिच्याकडे दर तेलबदलाच्या वेळी पाहायचे, असे काकांनी डायरीत लिहून ठेवले आहे.