वेग दुप्पट, अंतर चौपट

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावर भनपुरीची औद्योगिक वसाहत आहे. मालाने लादलेले ट्रक, मोटारी, सायकली व पादचारी यांची येथे सतत वर्दळ असते. अशा ठिकाणी, ब्रेक दाबताच गाडी थांबते हा समज प्राणघातक ठरतो.

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार ११ मीटर पुढे जाते; ८० किलोमीटर वेगाची २२ मीटर. त्यानंतरचे अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कारण गतिज ऊर्जाही तशीच वाढते आणि घर्षणाने तिचे उष्णतेत रूपांतर व्हावे लागते. कोरड्या रस्त्यावर पहिल्या मोटारीस त्यासाठी सुमारे १२ मीटर लागतील, तर दुसरीस ४९. म्हणजे एकूण अंतर २३ मीटरांऐवजी ७१ मीटर! पावसात घर्षण घटते व हे अंतर आणखी लांबते.

म्हणून पुढील वाहनाने एखादा खांब ओलांडल्यावर निदान तीन सेकंदांनी आपण तेथे पोहोचावे. पावसात याहून उशिरा. रात्री दिव्यांच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यातच गाडी थांबवता येईल इतकाच वेग ठेवावा. रस्त्याकडेस अंधारात उभा असलेला ट्रक सावध होण्यास दुसरी संधी देत नाही.