जुन्या पडद्यावरील नवीं अक्षरें



घरांतील एखादी वस्तु बिघडली, तर आपण ती दुरुस्त करवून घेतों. परंतु वस्तु धडधाकट असून तिचा उपयोग होईनासा झाला, म्हणजे दोष कोणाचा हें चटकन् कळत नाहीं. आणि मग घरांतील वडील माणसें तो दोष आपल्याच माथीं घेऊन मोकळीं होतात. असा एक प्रसंग आमच्या घरीं घडला व त्यांतूनच आजच्या भाषणाचा विषय मला सुचला.

इ. स. २०१२ च्या ऑक्टोबरची ३१ तारीख ही मुंबईंत केबलवरील जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणाची अखेरची तारीख होती. पुढील वर्षीं पुण्यानागपुरासारख्या शहरांची पाळी आली. कायद्यानेंच तसें ठरविल्यामुळें घरोघर सेट-टॉप बॉक्स आला. संच मात्र घरोघर नवा आला नाहीं. माझ्या आईच्या खोलींत फार वर्षांपूर्वीं घेतलेला, मोठ्या काचनळीचा रंगीत संच होता. बॉक्स जोडल्यावर त्यावर बातम्या, गाणीं, नाटकें पूर्वीपेक्षांहि स्वच्छ दिसूं लागलीं. पण रिमोटवरील 'मेनू'चें बटण दाबलें, कीं पडद्यावर उमटणारी निवडसूची पाहवत नसे. ओळींचीं टोकें चौकटीखालीं गडप झालेलीं, आडव्या रेघा थरथरणाऱ्या, आणि तांबड्या पट्टीवरचीं निळीं अक्षरें पाण्यांत शाई सांडावी तशीं पसरलेलीं. एके दिवशीं वर्गणी संपत आल्याची सूचना पडद्यावर आली. ती आईला वाचतां आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पडदा कोरा. आई मला म्हणाली, "डोळे गेले रे माझे आतां. दुसरें काय!"

डोळे गेले नव्हते. त्याच दिवशीं सकाळीं ती बारीक टाइपाची पोथी वाचून उठली होती. संचहि बिघडला नव्हता; कारण आवाज कमीजास्त करतांना त्याच पडद्यावर जे हिरवे आंकडे उमटत, ते तिला खोलीच्या दारांतूनहि दिसत. मग अडत होतें कोठें? हें समजण्यासाठीं जुना पडदा चित्र कसें काढतो तें आधीं पाहूं.

जुन्या संचाचा पडदा म्हणजे एका मोठ्या काचनळीचें तोंड. नळीच्या मागील टोंकाकडून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या आंतील लेपावर डावीकडून उजवीकडे एकेक रेषा ओढीत खालीं उतरतो. आपल्याकडील पद्धतींत एका चित्राच्या ६२५ रेषा असतात व त्यांपैकीं ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असतें. परंतु या रेषा एकामागून एक अशा ओढल्या जात नाहींत. आधीं एक सोडून एक अशा निम्म्या रेषा, आणि मग वर जाऊन राहिलेल्या निम्म्या. अशीं अर्धीं चित्रें सेकंदास ५० होतात, म्हणजे पुरीं चित्रें २५. माणसाचा चेहरा, झाड, डोंगर हें सारें अनेक रेषांवर पसरलेलें असल्यामुळें दोन अर्धीं चित्रें डोळ्यांत सहज मिसळून जातात. परंतु एखादी आडवी रेघ एकाच रेषेइतकी बारीक असेल, तर ती एका अर्ध्या चित्रांत येते व दुसऱ्यांत येतच नाहीं. ती सेकंदास २५ वेळां पेटते व २५ वेळां विझते, आणि ही लुकलुक डोळ्यांस जाणवते. आतां आपल्या देवनागरीकडे पाहा. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आपण एक लांबलचक आडवी रेघ देतों! रोमन लिपींतील शब्दाला या दोषाचा जेवढा उपद्रव होतो, त्याहून अधिक आपल्या शिरोरेखेला होतो. यावर उपाय एकच, कीं कोणतीहि आडवी रेघ निदान दोन रेषांइतकी जाड असावी आणि तिच्या कडा किंचित् मऊ असाव्यात.

दुसरी अडचण आकाराची. अलीकडील निवडसूची १०८० रेषांच्या रुंद पडद्यासाठीं आखलेली असते. ती ५७६ रेषांच्या पडद्यावर उतरवितांना जवळजवळ निम्मी होते. त्यांतून नवा पडदा सोळास नऊ या प्रमाणाचा, तर जुना चारास तीन या प्रमाणाचा. रुंद चित्र जुन्या पडद्यावर पुरें बसवायचें, तर वर व खालीं काळ्या पट्ट्या येतात आणि चित्राच्या वाट्याला ४३२ रेषाच उरतात. मूळ आराखड्यांत २० रेषा उंच असलेलें अक्षर येथें आठ रेषांचें होतें. इंग्रजी मोठें अक्षर सात ठिपक्यांच्या उंचींत बसवितां येतें. देवनागरीचें तसें नाहीं. वर मात्रा, वेलांटी, रफार, मग शिरोरेखा, मग अक्षराचें अंग, आणि त्याखालीं उकार. शिरोरेखेला दोन रेषा दिल्या, वरच्या चिन्हांना दोन व खालच्या उकाराला दोन, तर आठांपैकीं अंगासाठीं दोनच उरल्या. दोन रेषांत 'घ' आणि 'ध' यांतील भेद कोणी दाखवावा? आणि 'द्ध' किंवा 'ष्ट' यांसारखीं जोडाक्षरें तर विचारूंच नयेत.

तिसरी अडचण रंगाची. आपल्याकडे १९८२ सालीं रंगीत प्रक्षेपण सुरू झालें, तेव्हां घरोघर असलेले काळेपांढरे संच फेंकून द्यावे लागले नाहींत, हें आपणांपैकीं अनेकांना आठवत असेल. याचें कारण असें, कीं या पद्धतीच्या योजकांनीं उजेडाची माहिती पूर्वीच्याच रूपांत ठेवली आणि रंगाची माहिती तिच्या खांद्यावर बसवून पाठविली. जुन्या संचानें उजेड तेवढा घ्यावा, नव्यानें दोन्ही घ्यावींत. मात्र खांद्यावर बसणाऱ्याला सामान थोडें न्यावें लागतें. पडद्यावरील एक रेषा ओढण्यास झोताला सेकंदाच्या दशलक्षांशाचे ५२ भाग मिळतात. तेवढ्या अवधींत उजेड-अंधाराचे पालट फार तर ५२० होऊं शकतात. रंगाचे पालट मात्र सुमारें १३५. म्हणजे अक्षराचा आकार उजेडावर उभा असेल तर तो स्पष्ट दिसेल. केवळ रंगावर उभा असेल तर विरघळून जाईल.

शिवाय सर्व रंगांत उजेड सारखा नसतो. पांढऱ्या रंगाचा उजेड १०० धरला, तर त्यांत हिरव्याचा वाटा ५९, तांबड्याचा ३० आणि निळ्याचा अवघा ११. काळ्यावर निळीं अक्षरें कां दिसत नाहींत, याचें उत्तर या आंकड्यांत आहे. पिवळा म्हणजे तांबडा अधिक हिरवा, अर्थात् ८९. म्हणून गडद निळ्यावर पिवळें अक्षर उठून दिसतें. ज्यांना निवडसूची पारखून पाहावयाची असेल, त्यांच्यासाठीं सोपी कसोटी अशी, कीं संचाचा रंग पार शून्यावर आणावा. काळ्यापांढऱ्यांतहि सूची वाचतां आली आणि निवडलेली ओळ कोणती तें कळलें, तर ती पास. अगदीं बारीक उभ्या रेघांची गोष्टहि ध्यानांत ठेवावी. त्यांचे जलद पालट रंगाच्याच वाटेवर येतात आणि संच फसून अक्षरांच्या अंगावर इंद्रधनुष्य उमटवितो.

आणखी दोन लहान गोष्टी. काचनळीचें चित्र चौकटीच्या थोडें बाहेर जाईल असेंच बेतलेलें असे. कारण वर्षें लोटलीं कीं चित्र आकसतें, आणि कडेला काळी फट दिसूं नये असा हेतु. म्हणून कडेचा भाग गिऱ्हाइकाला दिसेलच असें नाहीं. मथळे घालणारे जुने तंत्रज्ञ चारी बाजूंनीं दहा टक्के जागा सोडून मधल्या ८० टक्के रुंदी-उंचींतच अक्षरें बसवीत. दुसरी गोष्ट अतिशुभ्रतेची. अक्षर फार प्रखर केलें, तर झोत फुगतो आणि रेघा एकमेकींना चिकटतात. इतकेंच नव्हे, बॉक्स अँटेनाच्या भोंकांतून जोडला असेल, तर प्रखर अक्षरें उमटतांच कर्ण्यांतून गुरगुर ऐकूं येते. चित्राची लहर मर्यादेबाहेर जाऊन आवाजाच्या वाटेंत शिरते. अक्षरें ऐकूं यावींत हा चमत्कार मीं स्वतः अनुभवला आहे!

मग जुन्या पडद्यावर वाचनीय अक्षरें काढणें अशक्यच होतें कीं काय? मुळींच नाहीं. ब्रिटनमध्यें बी.बी.सी.नें १९७४ च्या सप्टेंबरांत 'सीफॅक्स' नांवाची सेवा सुरू केली. साध्या दूरचित्रवाणी संचावर बातम्या, हवामान, खेळांचे निकाल वाचावयास मिळत. एका पानांत २४ ओळी, एका ओळींत ४० अक्षरें, आणि काळापांढरा धरून अवघे आठ रंग. पुष्कळशीं पानें काळ्या पार्श्वभूमीवर. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं अक्षराचें चित्र दुरून येतच नसे. कोणतें अक्षर हवें याचा संकेत तेवढा येई आणि अक्षर संच स्वतःच काढी. आईच्या संचावरील ते हिरवे आंकडे कां सुस्पष्ट होते, हें आतां आपल्या लक्षांत आलें असेल. तेहि संचाच्या पोटांतच तयार होत. जाड, मोठे आणि एकरंगी. सीफॅक्स २०१२ च्या २३ ऑक्टोबरला बंद झाली. मुंबईंतील जुनें केबल प्रक्षेपण संपण्याची मुदत त्यानंतर आठच दिवसांनीं आली, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे.

त्याच देशांत अंधांसाठीं काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेंत डॉ. जॉन गिल व त्यांचे सहकारी यांनीं दूरचित्रवाणीसाठीं 'टायरेसियस' नांवाचें अक्षरवळण सिद्ध केलें. ग्रीक पुराणांतील एका अंध द्रष्ट्याचें हें नांव. सारखीं दिसणारीं अक्षरें एकमेकांपासून निराळीं ओळखूं यावींत आणि मंददृष्टीच्या माणसालाहि वाचतां यावींत, हा त्यामागील विचार. देवनागरीच्या वळणाविषयीं असाच विचार, जुना पडदा डोळ्यांसमोर ठेवून, प्रत्येक बॉक्स बनविणाऱ्यानें करावयास हवा होता. सूचींतल्या ओळी कमी कराव्या, अक्षर मोठें करावें, आणि बॉक्सला जुना संच जोडला आहे असें कळल्यास रुंद आराखडा आकसून न घालतां त्याच्यासाठीं निराळाच आराखडा ठेवावा, एवढेंच तें काम.

आतां घरीं आपल्या हातीं काय आहे तें सांगतों. काचनळीचे संच बाजारांतून गेले, पण सगळ्या घरांतून गेलेले नाहींत. बॉक्सची तार अँटेनाच्या भोंकांत असेल आणि संचाला पिवळें भोंक असेल, तर ती पिवळ्यांत जोडावी. संचाच्या मागें हिरवीं, निळीं, तांबडीं अशीं तीन भोंकें चित्रासाठीं असतील व बॉक्सलाहि तशींच असतील, तर त्याहून उत्तम. कारण मग उजेड आणि रंग निरनिराळ्या वाटांनीं जातात. बॉक्सच्या मांडणींत पडद्याचें प्रमाण चारास तीन असें निवडावें व पद्धति 'पाल' ठेवावी. चित्राच्या काळ्या पट्ट्या काढून टाकण्याची सोय असते. पण तिनें दोन्ही बाजूंच्या कडा कापल्या जातात, तेव्हां सूचीचे शब्द तुटत नाहींत ना तें पाहावें. सूची पारदर्शक ठेवण्याची सोय असल्यास ती बंद करावी, म्हणजे मागचें चित्र अक्षरांत मिसळणार नाहीं. संचाचा प्रखरपणा थोडा उतरवावा. तीक्ष्णपणा वाढविण्याचा मोह होतो, परंतु तो वाढविला कीं अक्षरांना दुहेरी कडा येतात. म्हणून तोहि कमीच करावा.

हें सारें मीं आईच्या खोलींत एका दुपारीं केलें. वर्गणीची सूचना तिला वाचतां येऊं लागली. वाहिन्यांची लांबलचक यादी मात्र अखेरपर्यंत नीट वाचतां आली नाहीं. कारण तेथें माझा हात पोंचत नव्हता. तेव्हां तिला रोज लागणाऱ्या दहाबारा वाहिन्यांचे क्रमांक मीं जाड शाईनें एका पुठ्ठ्यावर लिहून संचाशेजारीं टांगले. तिचें काम भागलें. पण मला जें समाधान वाटलें, तें पुठ्ठ्याचें नव्हे. संध्याकाळीं शेजारच्या काकू आल्या, तेव्हां ती त्यांना सांगत होती, "डोळे चांगले आहेत हो माझे. त्या पेटीचीं अक्षरेंच वाईट होतीं."

आपल्या घरांत कोणी वडील माणूस रिमोट हातांत घेऊन नुसतेंच बसलेलें दिसलें, तर त्यांना चष्म्याचा नंबर विचारण्यापूर्वीं एकदां संचाच्या मागें वांकून पाहा, तार कोणत्या भोंकांत आहे ती. एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.