गाडीत ऊस किती भरावा?



हंगाम सुरू झाला की "एका खेपेत जादा माल टाका, डिझेल वाचेल" असे आपण सर्रास म्हणतो. हा हिशेब पुरा नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे मालमोटारीस वजनाच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, गाडी व माल मिळून एकूण वजनाची. दुसरी, प्रत्येक अॅक्सलवर येणाऱ्या भाराची. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये त्या वाढविल्या. दोन अॅक्सलच्या सहा चाकी गाडीस १६.२ ऐवजी १८.५ टन, दहा चाकीस २५ ऐवजी २८.५ टन. चार टायरच्या अॅक्सलवर १०.२ ऐवजी ११.५ टन. ही झाली कमाल मर्यादा. आपल्या गाडीस मात्र आर.सी. बुकातला आकडाच धरायचा.

समजा, बुकात १८.५ टन आहे आणि रिकामी गाडी ६.५ टन भरते. मग ऊस १२ टनच. १५ टन घातला तर ३ टन जादा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली दंड २०,००० रुपये, शिवाय जादा टनामागे २,००० रुपये. म्हणजे एकूण २६,०००. माल उतरविण्याचा खर्च निराळा, आणि तो उतरविल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. गाडी चालवू देणाराही यात सापडतो.

एकूण वजन बरोबर असले, तरी सगळा भार मागे रचला तर मागचा अॅक्सल जादा भरतो, पुढची चाके हलकी पडतात आणि स्टिअरिंग धरत नाही. म्हणून मोळ्या पुढपासून सारख्या रचाव्यात.

आता रस्त्याचे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात भरलेल्या गाड्या मुद्दाम फिरवून रस्त्यांची चाचणी झाली. अॅक्सलवरचा भार १० चा १२ टन केला, तर रस्त्याचे नुकसान सुमारे दुप्पट होते. भार दुप्पट केला, तर सुमारे १६ पट, असा हिशेब त्यातून निघाला. आपल्याकडे तो रस्ता आपल्याच शिवारातला. पोरे त्यावरूनच शाळेला जातात, पुढचा ऊसही त्यावरूनच यायचा.

तेव्हा मागच्या खेपेची काट्यावरची पावती पाहा, किती थराला किती टन बसतात ते ध्यानात ठेवा आणि मुकादमाला फडातच सांगा. चार मोळ्या मागे राहिल्या तर पुढच्या खेपेला येतील. गाडी आणि माणूस मात्र धड घरी आले पाहिजेत.