१०२.९ वर नाचाची गाणी का लागत नाहीत?

गॅदरिंग जवळ आलं की आपल्या होस्टेलवर एक वाद हमखास निघतो. आकाशवाणीचं बीड केंद्र, म्हणजे आपलं १०२.९ मेगाहर्ट्झ, सरळ ‘डान्स स्टेशन’ का करून टाकत नाहीत? दिवसभर धांगडधिंग्याची गाणी, मधे एखादा बडबड्या आरजे, बस्स! यावर दुसरा गट म्हणतो, आधी ते आमच्या गावात नीट ऐकू तर येऊ द्या, मग गाणी कुठली लावायची ते ठरवा. हा दुसरा गट बहुतेक आष्टी आणि परळीकडचा असतो. मी ईएनटीसीचा, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मलाच धरलं जातं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. माझं म्हणणं असं, की हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. स्टेशन काय वाजवतं हे बऱ्याच अंशी ते कुठवर पोचतं यावरच ठरतं.

आधी पोचण्याचं बघू. एफएमच्या लहरी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या. १०२.९ ची तरंगलांबी निघते साधारण २.९ मीटर. एवढ्या आखूड लहरी डोंगराला वळसा घालून फारशा जात नाहीत, जवळजवळ सरळ रेषेत जातात. मनोऱ्याच्या टोकावरून तुमची एरियल ‘दिसली’ पाहिजे. पृथ्वी गोल, म्हणून काही अंतरानंतर ती दिसेनाशी होते. हे अंतर काढायचं सूत्र सेकंड इयरच्या पोरालाही जमेल इतकं सोपं आहे : मनोऱ्याच्या आणि एरियलच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. उदाहरणादाखल १०० मीटरचा मनोरा धरा आणि दोन मीटरवर धरलेला रेडिओ. उत्तर येतं सुमारे ४७ किलोमीटर. तोच रेडिओ १५ मीटर उंच गच्चीवर नेला तर ५७.

आता नकाशावर पट्टी ठेवा. सरळ रेषेत बीडपासून गेवराई साधारण ३०, केज चाळीसच्या आसपास, माजलगाव ५०, आष्टी ६५, अंबाजोगाई ७० च्या पुढं आणि परळी ८०. म्हणजे परळीच्या मित्राची तक्रार खोटी नाही. आष्टी-कडा भागातल्यांना तर बीडपेक्षा नगरचं केंद्र जवळ पडतं (आता अहिल्यानगर, पण रेडिओच्या काट्यावर अजून १००.१ च). जिल्हा एक असला तरी सिग्नलला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

त्यात आपला बालाघाट. ही रांग जिल्ह्याच्या मधूनच गेली आहे. उत्तरेला गेवराई-माजलगावची गंगथडी, सखल आणि मोकळी. दक्षिणेला पाटोदा, केज, अंबाजोगाईचं पठार. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी. एसटीनं मांजरसुंब्याकडे निघा आणि कानात रेडिओ लावून ठेवा, फुकटचं प्रॅक्टिकल होतं. घाटाच्या वळणात आवाज खरखरतो, मधेच गडप होतो, आणि गाडी वर पठारावर आली की एकदम स्वच्छ, कारण तिथून पायथ्याचं शहर परत नजरेत येतं. पुढं पठारावर जसजसं आत जावं तसतसा तो पुन्हा क्षीण होतो. गेवराईच्या बाजूला असले चढउतार कमी.

मग ट्रान्समीटरची ताकद वाढवा की! हा आमच्या मेकॅनिकलवाल्यांचा लाडका उपाय. पण पॉवर दुप्पट केली तर फक्त तीन डेसिबल वाढतात, अंतर काही दुप्पट होत नाही. क्षितिज दुप्पट लांब न्यायचं तर मनोरा चौपट उंच हवा. एफएममध्ये किलोवॅटपेक्षा उंचीला जास्त किंमत आहे, एवढं लक्षात ठेवा.

आमच्या आजोबांच्या पिढीला हा त्रास नव्हता. ते परभणी ऐकायचे, मीडियम वेव्हवर, १३०५ किलोहर्ट्झ. ही लहर २३० मीटर लांब. ती जमिनीला धरून सरपटत जाते, बालाघाटासारख्या टेकड्यांना जुमानत नाही. रात्री तर वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांबची केंद्रंही लागायची, एकात एक घुसायचीसुद्धा. मग मीडियम वेव्हच बरी नाही का? निवेदन, बातम्या, शेतीसल्ला यांना बरी. नाचाच्या गाण्याला नाही. तिथं एका केंद्राच्या वाट्याला येणारी पट्टी इतकी अरुंद की आवाजातला साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापला जातो. एफएममध्ये १५ किलोहर्ट्झपर्यंत आवाज जातो, वर स्टीरिओ. हलगीची थाप दोन्हीकडे ऐकू येईल हो, पण तिचा करकरीतपणा, झांजेची किनार, ते सगळं वरच्या पट्टीत असतं. ते गेलं की पाय हलत नाहीत. म्हणजे लांब जाणारी लहर बोलण्याची आणि नाचवणारी लहर जवळची, अशी ही निसर्गाचीच वाटणी आहे.

या वाटणीनं अमेरिकेत काय झालं ते मजेशीर आहे. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएबीसी हे मीडियम वेव्हवरचं बलाढ्य गाण्याचं स्टेशन, ५० किलोवॅटचं. त्याच शहरात एफएमवर डब्ल्यूकेटीयू नावाचं एक मरगळलेलं स्टेशन होतं, संथ रॉक वाजवणारं, फारसं कुणी न ऐकणारं. जुलै १९७८ मध्ये त्यांनी रातोरात फॉरमॅट बदलून डिस्को लावायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत ते शहरात पहिल्या नंबरवर गेलं! त्याच वर्षी अमेरिकेत एफएमच्या श्रोत्यांनी मीडियम वेव्हच्या श्रोत्यांना मागं टाकलं. १९८२ साली डब्ल्यूएबीसीनं गाणीच बंद केली आणि ते बोलण्याचं स्टेशन झालं. पण डिस्कोवाल्यांचंही फार दिवस टिकलं नाही. लाट ओसरली, त्यांनी फॉरमॅट बदलत बदलत १९८५ मध्ये नावासकट रॉकचा रस्ता धरला. नाचाचं स्टेशन वर जातं तितक्याच वेगानं खाली येतं, कारण त्याचे श्रोते फॅशनवर असतात.

आपल्याकडची गोष्ट याच्या उलट टोकाची. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांना चित्रपटगीतं उथळ वाटायची. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळपास दिसेनाशी झाली. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवला! श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, महायुद्धाच्या काळात बसवलेला एक ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता. शॉर्टवेव्ह आयनोस्फिअरवर आपटून पुन्हा खाली येते, हजारो किलोमीटर जाते. ३ डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि जे गाणं मुंबईच्या स्टुडिओत तयार व्हायचं ते कोलंबोहून मराठवाड्यातल्या वाड्या-वस्त्यांवर यायला लागलं. आवाज लाटेसारखा वरखाली व्हायचा, तरी लोक बुधवारी कान लावून बसायचे. शेवटी सरकारलाच नमतं घ्यावं लागलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीही आल्या. मला ही सगळी हकिगत फार आवडते. फॉरमॅट ठरवणारा दिल्लीत बसला होता, पण श्रोत्याच्या हातात काटा होता आणि आकाशात दुसरा सिग्नल होता.

तोच प्रकार पुढं खासगी एफएमच्या बाबतीत पैशानं घडवला. २००२ मध्ये मुंबईत एकामागून एक खासगी स्टेशनं सुरू झाली. त्यात गो ९२.५ हे बऱ्याच अंशी इंग्रजी गाण्यांचं होतं, क्लबात जाणाऱ्या मंडळींचं. पण तेव्हाच्या लायसन्सची फी ठरलेली असायची आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायची, धंदा होवो न होवो. मग सगळे एकाच विहिरीकडे धावले : नवी हिंदी गाणी. गो पुढं रेडिओ वन झालं आणि हिंदीकडे वळलं. २००५ च्या धोरणात फी उत्पन्नाच्या चार टक्क्यांवर आली तेव्हा जरा श्वास घेता आला. नंतर, २०१० च्या दशकात, रेडिओ वननं मुंबईत पुन्हा इंग्रजी गाण्यांचा प्रयोग केला. मुंबईत असे प्रयोग परवडतात. का, ते आता आकड्यात सांगतो.

बीड केंद्राभोवती ४० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा २५ लाख ८५ हजारांचा, म्हणजे दर चौरस किलोमीटरला २४२ माणसं. वर्तुळात झाली साधारण १२ लाख. त्यातली शंभरात पाच माणसं दिवसभर फक्त डान्सची गाणी ऐकतील असं धरू (हा आकडा माझा, गणितापुरता). झाले ६० हजार, तेही रेडिओ चालू असला तर. आता तेच वर्तुळ मुंबईवर ठेवा. अर्धं अरबी समुद्रात बुडालं तरी उरलेल्या अर्ध्यात दीड-दोन कोटी माणसं सापडतात. त्यांचे पाच टक्के म्हणजे आठ-दहा लाख. जाहिरातदार कुणाकडे जाईल ते सांगायला एमबीए लागत नाही. विरळ वस्तीतलं स्टेशन एकाच आवडीवर जगू शकत नाही, त्याला सगळ्यांचं थोडं थोडं वाजवावं लागतं. सकाळी भक्तिगीतं, मग शेतकऱ्यांसाठी, महिलांसाठी, फर्माईश, युववाणी. आपण ज्याला खिचडी म्हणून नावं ठेवतो ती या गणितातून शिजलेली आहे.

अर्थात आकाशवाणी निव्वळ जाहिरातीवर चालत नाही, तिथं लोकसेवा हा हिशेब पहिला. जिल्ह्याजिल्ह्यात ‘स्थानिक केंद्र’ ही कल्पनाच त्यासाठी निघाली. देशातलं पहिलं असं केंद्र १९८४ मध्ये तामिळनाडूत नागरकोइलला सुरू झालं. बोली तिथली, बाजारभाव तिथले, गाणारे तिथले. स्थानिक सभांच्या मधला वेळ मात्र अशा केंद्रांवर विविध भारतीनं भरला जातो. ती मुंबईतून उपग्रहामार्फत येते आणि इथल्या ट्रान्समीटरवरून पुढं जाते. तुम्हाला जी ‘नाचाची’ गाणी १०२.९ वर अधूनमधून लागलेली ऐकू येतात, ती बहुतेक या वेळातली. आता गंमत बघा. नाचाची गाणी वाढवायची सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे स्थानिक सभा कमी करणं आणि मुंबईचा पुरवठा वाढवणं. सिग्नल तोच, मनोरा तोच, फक्त आत बीड उरणार नाही. होस्टेलच्या वादात आपण नेमकं हेच मागतोय याचा कुणी विचार करत नाही. मला हा सौदा महाग वाटतो. केजच्या एखाद्या आजीला तिच्या गावाचं नाव रेडिओवर ऐकू येतं ते फक्त या स्थानिक तासांत. मुंबईच्या कार्यक्रमात तिचा नंबर कधी लागणार?

आणखी एक गोष्ट, जी सूत्रात बसत नाही. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, सांगली-कोल्हापूरला, कर्नाटकात. म्हणजे वर्षाचे पाच-सहा महिने श्रोतेच सिग्नलच्या बाहेर! मनोरा हलत नाही, गाव हलतं. ट्रॅक्टरवर लावलेल्या स्पीकरवर गाणी वाजतात ती मेमरी कार्डातली किंवा मोबाईलवरची. नाचाचं संगीत आपल्याकडे रेडिओनं कधी पोसलंच नव्हतं, ते हलगी, बँडबाजा आणि हल्लीच्या डीजेनं पोसलं. त्याची रेंज गल्लीच्या टोकापर्यंत, पण त्या गल्लीत दुसरं स्टेशन लागत नाही.

आता इंटरनेटमुळे हे सगळं बदललं असं म्हणतात. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर ॲपवर देशभरातल्या दोनशेहून जास्त वाहिन्या ऐकता येतात, डोंगर आडवा येत नाही. डेटा मात्र तुमचा जळतो, आणि टॉवर गेला की तेही गेलं. एफएमचं तसं नाही, ऐकणारे हजार वाढले तरी ट्रान्समीटरला फरक पडत नाही. पूर-वादळात हाच गुण कामी येतो, म्हणून २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाईल कंपन्यांना फोनमधलं एफएम बंद ठेवू नका अशी सूचना केली होती.

राहता राहिले आष्टी-परळीवाले मित्र. त्यांच्यासाठी दोन उपाय, दोन्ही जवळजवळ फुकट. एक, एरियल. पाव तरंगलांबी म्हणजे ७३ सेंटिमीटर वायर घ्या, रेडिओच्या एरियलला जोडून उंचावर, बीडच्या दिशेच्या मोकळ्या जागेत न्या, उभी आणि आडवी दोन्ही करून बघा. फोनमध्ये हेडफोनची वायर हीच एरियल असते, म्हणून ती गुंडाळून खिशात ठेवू नका. दोन, स्टीरिओ बंद करा. स्टीरिओसाठी डाव्या-उजव्या आवाजातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या आसपास वेगळा पाठवलेला असतो, आणि एफएममध्ये जितकं वर जावं तितकी खरखर जास्त. दुबळ्या सिग्नलवर ती सगळी खरखर या फरकातूनच येते. मोनोवर टाकलं की आवाज सपाट होतो पण शब्द कळायला लागतात, जणू वीसेक डेसिबल फुकट मिळाले. ज्यांच्या रेडिओवर मोनोचं बटण नाही त्यांनी लॅबमध्ये माझ्याकडे यावं, पायलट टोनचा फिल्टर कुठं कापायचा ते दाखवीन. सोल्डरिंग गन मात्र आपापली आणा.