हलका स्वार आणि हलकी चाके

नाशिकला सायकलीचे वेड नवे नाही. येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पुरी केली, तेव्हापासून तर ते वाढलेच आहे. आमच्या महाविद्यालयातील अकरावीची एक विद्यार्थिनी अशीच शर्यतीच्या तयारीला लागली होती. वजन ५० किलो, सायकल १० किलोची. दोन वर्षे साठवलेले पैसे घेऊन ती विचारायला आली, “सर, अर्धा किलोने हलकी चाके घेऊ का? सगळे म्हणतात, चाकातला एक किलो म्हणजे अंगावरचे चार किलो!”

हे ‘चार’ कोठून आले कोण जाणे. आपण हिशेब करून पाहू. सायकल वेग घेते तेव्हा रिम पुढेही जाते आणि स्वतःभोवतीही फिरते. रिमच्या कडेचा फिरण्याचा वेग सायकलीच्या वेगाइतकाच असतो. म्हणून तिला पुढे जाण्याची आणि तेवढीच फिरण्याची गतिज ऊर्जा द्यावी लागते. म्हणजे दुप्पट, चौपट नव्हे! आणि तीही वेग वाढवतानाच. एका वेगाने चालणाऱ्या सायकलीला हा दुसरा हिस्सा पुन्हा द्यावा लागत नाही.

चढावर काय होते? कसारा घाटात सुमारे ३०० मीटर उंची चढावी लागते. अर्धा किलो तेवढा वर न्यायला ०.५ × ९.८ × ३००, म्हणजे १४७० ज्यूल कार्य होते. स्वार व सायकल मिळून ६० किलोंसाठी ते १,७६,४०० ज्यूल. बचत १२० मध्ये एक भाग! १५० वॅट शक्ती लावणाऱ्याला, हवेचा रोध सोडून दिला तर, या चढाला सुमारे २० मिनिटे लागतील आणि हलक्या चाकांनी १० सेकंद वाचतील. ८० किलोच्या माणसाला बचत याहूनही कमी, १८० मध्ये एक भाग. तेव्हा हलक्या स्वाराला फायदा थोडा अधिक होतो, हे मात्र खरे.

आता टायरकडे वळू. जमिनीला टेकलेला टायरचा भाग सतत दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. या दबण्यात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. जाड, कडक टायरला भाराच्या ०.००८ पट आणि चांगल्या लवचिक टायरला ०.००५ पट बल लागते असे धरा. ६० किलोंच्या भाराला फरक पडतो सुमारे १.७६ न्यूटनचा. दिसायला क्षुल्लक! पण नाशिक ते त्र्यंबकेश्वर या सुमारे २८ किलोमीटरांत तो ४९,००० ज्यूलवर जातो. चढावरचे आपले १४७० ज्यूल आठवा.

तिच्या मनात भरली होती ती उंच कडांची, चकचकीत चाके. ती हवा कापतात खरी, पण बाजूचा वारा त्यांच्यावर शिडासारखा आदळतो. वाऱ्याचा जोर स्वाराचे वजन पाहून कमी होत नाही; म्हणून हलका स्वार अधिक ढकलला जातो, आणि पुढचे चाक तर हँडलच वळवू पाहते. पावसाळ्यात दिंडोरी रस्त्याने उत्तरेकडे जाताना पश्चिमेचा वारा डावीकडून येतो. शेजारून ट्रक जात असताना हा खेळ नको.

तिची जुनी चाके ३२ आऱ्यांची, धडधाकट होती. आरे ताणलेले असतात. भार आला की खालच्या आऱ्यांचा ताण थोडा कमी होतो. ५० किलोंच्या भाराखाली तो फारसा घटत नाही, त्यामुळे अशी चाके वर्षानुवर्षे टिकतात. आउट काढून घेतला आणि हबमध्ये ग्रीस भरले, बस्स. टायरवर छापलेला हवेचा आकडा कमाल असतो. हलक्या स्वाराने त्याहून कमी हवा ठेवावी, नाहीतर खडबडीत रस्त्यावर सायकल नुसती उडते.

तिने टायर व ट्यूब तेवढ्या घेतल्या, पण बदलण्यापूर्वी एक प्रयोग केला. तुम्हीही करा. वारा नसताना पहाटे, रहदारी नसलेल्या सौम्य उतारावरून एकाच जागेहून, पॅडल न मारता, एकाच बैठकीत सायकल सोडायची आणि ती थांबेल तिथे खूण करायची. असे पाचदा करून सरासरी काढायची. नव्या टायरांवर तिची सायकल जुन्या खुणेच्या एकोणीस पावले पुढे जाऊन थांबली. उरलेल्या पैशांचे तिने हेल्मेट घेतले.